निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उघडू नका, तो कधी येतो ते आधी बघा

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं कळलं. तुम्ही केजला राहता. २००८ ची पेट्रोल आल्टो आहे, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. महिन्यातून दोनदा वडिलांना बीडला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळं गाडीवाचून भागत नाही. सकाळी चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि मिनिटभरात थांबतो. हजार किलोमीटरमागं अर्धा-पाऊण लिटर ऑइल वरून टाकावं लागतंय. मिस्त्रींनी धूर बघितला, ‘रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, फुल इंजिन करावं लागेल’ म्हणाले आणि ४२ हजार सांगितले. आता तुम्ही विचारताय, एवढे पैसे जुन्या गाडीत घालावेत की गाडी देऊन टाकावी?

माझं लातूरला गॅरेज आहे आणि या कामात ३१ वर्षं गेली. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न याच्या एक पायरी अलीकडं आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, यात वाद नाही. पण ते ऑइल वरून, म्हणजे हेडमधून (इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागातून) खाली उतरतंय, की खालून, म्हणजे पिस्टनच्या बाजूनं वर चढतंय, हे अजून कुणी तपासलेलंच नाही. वरून उतरत असेल तर काम बहुधा पाच हजारांच्या आत बसतं. खालून चढत असेल तर मिस्त्री म्हणतात ते खरं असू शकतं. गाडी ठेवायची की विकायची, हे त्याच्यानंतर ठरवायचं.

गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळं तुमचे मिस्त्री चुकले असं मी इथं बसून म्हणणार नाही. पण तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ‘मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडं लागलं आणि एक्सलेटर दिलं की मागं निळा लोट सुटतो, एरवी रस्त्यावर दिसत नाही.’ आमच्यासारख्याला ही ओळ धुराच्या रंगापेक्षा जास्त सांगते.

कसं ते बघा. घाट उतरताना तुमचा पाय एक्सलेटरवर नसतो, गाडी गिअरमध्ये असते आणि चाकं इंजिनाला फिरवत असतात. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद, पिस्टन मात्र हवा ओढायला बघतोय, त्यामुळं आत जोराची ओढ तयार होते. हेडच्या वरच्या भागात ऑइल खेळतं असतं. व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची एक छोटी टोपी असते, तिला आपण व्हॉल्व्ह सील म्हणतो. दांडीवरून ऑइल खाली घरंगळू न देणं एवढंच तिचं काम. पंधरा-सतरा वर्षं इंजिनाची उष्णता खाऊन ते रबर टणक होतं, दांडीला धरून बसत नाही. मग घाटात ती ओढ दांडीच्या कडेनं ऑइल खाली खेचते. ते आत साचतं आणि खाली येऊन तुम्ही एक्सलेटर दाबलं की एकदम जळतं. तोच तुमचा लोट.

सकाळच्या धुराचं कारणही तेच. रात्रभर गाडी उभी असते. हेडमधलं ऑइल थेंब थेंब दांडीवरून उतरून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसतं. सकाळी पहिल्या ठोक्याला ते जळतं, धूर होतो आणि साठा संपला की धूरही संपतो. रिंगा गेलेल्या असत्या तर मिनिटभरात थांबला नसता. रिंगांचा धूर भार पडला की येतो. म्हणजे चढावर, गाडीत पाच माणसं असताना, ओव्हरटेक करताना येत राहतो आणि रात्री मागच्या गाडीच्या उजेडात आरशात दिसतो. शिवाय पिकअप पडतो. तुम्ही तर म्हणताय की पिकअप ठीक आहे आणि अ‍ॅव्हरेज १७ च्या खाली आलेलं नाही.

म्हणजे आतापर्यंतच्या खुणा तरी सीलकडं बोट दाखवतात. पण खुणांवर मी इंजिन उघडत नाही, आणि उघडू नका असंही सांगत नाही. तपासावं लागतं.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. धंद्यात येऊन मला चार-पाच वर्षं झाली असतील. एका शाळामास्तरांची गाडी आली, निळा धूर मारत होती. मी सायलेन्सरला बोट लावलं, ऑइल दिसलं आणि रिंगा सांगून मोकळा झालो. इंजिन उतरवलं, लेथवर बोअरिंग केलं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत चालतो तो बोअर घासून मोठा केला, पिस्टन-रिंगा घातल्या. आठ दिवसांनी मास्तर परत आले, धूर तसाच. हेड कव्हरवरून इनटेककडं (हवा आत घेण्याच्या वाटेकडं) जाणारा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा, पाइप काजळीनं चोंदला होता. खालचा दाब बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून तो ऑइल वर ढकलत होता. पाइप साफ केला आणि धूर थांबला. मजुरी मी परत केली, पण मास्तरांनी सामानाला घातलेले पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून तपासल्याशिवाय मी कुणाचं इंजिन उतरवलेलं नाही.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. हेड कव्हरवरून निघणारा तो पाइप आणि त्यातला पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे तो दाब एकाच बाजूला जाऊ देणारी छोटी झडप, बघा. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला की आत खुळखुळ वाजायला पाहिजे. वाजला नाही तर अडकलाय. काही शेकड्यांची वस्तू आहे, बदलून टाका. त्याच वेळी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवा. पाऊण लिटर ऑइल सगळंच जळत असेल असं नाही, थोडं गळतही असेल. हेड कव्हरचं गॅस्केट आणि क्रँकचं मागचं सील या वयाच्या गाडीत पाझरतातच.

दुसरी तपासणी घरच्या घरी होते. इंजिन गरम करून सावकाश चालू ठेवा आणि ऑइल टाकायचं झाकण काढा. हलकी वाफ आणि थोडी फुरफुर चालते. पण झाकण उलटं ठेवल्यावर ते थडथड उडत असेल, आगगाडीच्या इंजिनासारखा फक-फक धूर येत असेल, तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. म्हणजे जळलेला वायू रिंगांच्या कडेनं खाली निसटतोय. मग मात्र रिंगांचा संशय पक्का होत जातो. पीसीव्ही साफ केल्यानंतरच ही तपासणी करा, नाहीतर फसगत होते.

तिसरी गोष्ट प्लग, तीन सिलिंडरचे तीन. तिन्ही प्लग काढा आणि ज्या सिलिंडरचे असतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडा. कोरडी, भुरकट, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची टोकं असतील तर ते सिलिंडर निरोगी. काळी, ओलसर, बोटाला चिकट लागणारी टोकं असतील तर तिथं ऑइल जातंय. कोरडी काजळी असेल तर ते ऑइल नाही, पेट्रोल जास्त जातंय. तीनपैकी एकच प्लग ओला निघाला तर कुठं शोधायचं तेही कळलं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आला की सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. हे गॅरेजमध्येच करून घ्या, गेज लागतं, पण अर्ध्या तासाचं काम आहे. ते नीट कसं करतात ते माहीत असू द्या, कारण घाईत चुकीचे आकडे येतात. इंजिन गरम पाहिजे. तिन्ही प्लग बाहेर पाहिजेत. स्पार्क आणि पेट्रोल पंप बंद करून ठेवायचा. बॅटरी भरलेली पाहिजे. एक्सलेटर पूर्ण दाबून धरायचं आणि प्रत्येक सिलिंडरला सहा-सात ठोके द्यायचे. पाय एक्सलेटरवर नसेल तर हवाच आत जात नाही, आकडा कमी येतो आणि चांगल्या इंजिनाला उगाच नाव ठेवलं जातं. मी हे बऱ्याच वेळा पाहिलंय.

तिन्ही आकडे १६०-१७० पीएसआयच्या आसपास आणि जवळजवळ सारखे आले तर समाधान मानायला हरकत नाही. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा एखादा १२० च्या खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायला सांगा. आकडा चांगला वर आला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती भरली. आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेड गॅस्केट गेलंय.

इथं एक बारकावा आहे, तो बरेच जण विसरतात. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात. तिसरी ऑइल रिंग, ती बोअरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खाली खरवडते. वेळेवर ऑइल बदललं नाही की या तिसऱ्या रिंगेत काजळी भरते आणि ती खाचेत अडकून बसते. तेव्हा कॉम्प्रेशन चांगलं येतं आणि तरीही गाडी ऑइल खाते. म्हणून आकडे उत्तम आले म्हणजे रिंगा निर्दोष, असं मी म्हणत नाही. आकडे, प्लग आणि धुराची वेळ, तिन्ही एकत्र ठेवून वाचावे लागतात. तुमच्याकडं धुराची वेळ सीलच्या बाजूनं आहे. आकडेही चांगले आले तर माझा कौल सीललाच.

पीयूसीची पावतीही काढून बघा. तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडणारं इंधन-तेल, ऑइल जळत असलं की तो चढतो. आधीच्या दोन-तीन पावत्या सांभाळून ठेवल्या असतील तर आकडा हळूहळू चढला की एकदम उडी मारली, हे कळेल. रबर हळूहळू टणक होतं, त्यामुळं सीलची बाब असेल तर चढणही हळू दिसते. फक्त ती तपासणी गरम इंजिनावर होते आणि तुमचा धूर तोवर थांबलेला असतो, म्हणून नुसत्या पावतीवर निदान करू नका.

समजा सीलच निघाले. तुमच्या इंजिनात तीन सिलिंडर आणि बारा व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे बारा सील. ते बदलायला हेड उतरवावंच लागतं असं नाही. आम्ही काय करतो, ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचा पिस्टन थोडा खाली घेतो, प्लगच्या भोकातून चार-पाच हात नायलॉनची मऊ दोरी आत सोडतो, एक टोक बाहेर ठेवतो आणि क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणतो. दोरीचा गठ्ठा व्हॉल्व्हना खालून दाबून धरतो. मग वरून स्प्रिंग दाबली, लॉक काढले, जुनं सील ओढलं, नवं ऑइल लावून बसवलं, तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. जुनं सील हातात घेऊन दाबून बघा. नवं रबर बोटाखाली दबतं, जुनं नखानं ठोकलं तर बटणासारखं टक्-टक् वाजतं. काही तर काढतानाच तुटतात. व्हॉल्व्हचे लॉक तांदळापेक्षा थोडे मोठे असतात, म्हणून हेडमधली ऑइल खाली जायची भोकं आधी फडक्यानं बुजवायला सांगा. एक लॉक खाली ऑइलच्या चेंबरमध्ये गेला तर नसतं काम वाढतं.

सील निघालेले असतानाच व्हॉल्व्हची दांडी हलवून बघायची. गाईडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, ती डावी-उजवी खळखळ हलत असेल तर नुसतं सील घालून उपयोग नाही, सहा महिन्यांत परत तेच. मग हेड उतरवून गाईड बदलावे लागतात, हेड फेसिंग करावं लागतं, आणि खर्च दुपटी-तिपटीवर जातो. नुसतं सीलचं काम माझ्याकडं सामान-मजुरी धरून साडेतीन ते पाच हजारांत होतं. केजला, बीडला थोडा फरक पडेल. एवढं उघडलंच आहे तर हेड कव्हरचं गॅस्केट नवं घाला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते आठवा. आठवत नसेल तर बदला.

आणि रिंगाच निघाल्या तर? तरीसुद्धा लगेच फुल इंजिन म्हणू नका. हेड उतरल्यावर बोअरच्या भिंतीवर वरच्या बाजूला नख फिरवा. नख अडेल असा काठ तयार झाला असेल, किंवा उभे ओरखडे असतील, तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतील. भिंत गुळगुळीत असेल आणि लेथवाल्यानं मोजून बोअर मापात आहे असं सांगितलं, तर नुसत्या रिंगा, बेअरिंग आणि होनिंग (बोअरची भिंत हलकी घासणं), म्हणजे हाफ इंजिनवर भागतं. मोजमापाचा कागद मागा. चांगला लेथवाला तो आनंदानं देतो.

आपल्याकडं रिंगा लवकर का जातात तेही सांगतो, म्हणजे नव्या रिंगा टिकतील. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीत हवेत जे उडतं ते वेगळंच. एअर फिल्टरचा डबा नीट बसला नाही, क्लिप तुटली म्हणून दोरीनं बांधला, की ती धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते आणि बोअरला पॉलिश पेपरसारखी घासते. सुगीच्या दिवसांत माझ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना मी दर पंधरवड्याला फिल्टर झटकायला लावतो. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर.

दोन शब्द इतर रंगांबद्दल, कारण हिवाळ्यात धूर पांढरा दिसला तर तुम्ही घाबराल. सकाळी थंडीत पांढरी वाफ निघून दोन-तीन किलोमीटरमध्ये थांबली तर ते नुसतं पाणी आहे, विसरून जा. इंजिन तापलं तरी दाट पांढरा धूर राहिला, वास गोडसर आला, कुलंटची बाटली रिकामी होत गेली, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात लोकांनी मिळेल ते बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. प्यायलाच नव्हतं, दोष कुणाला देणार? पण पुढच्या वर्षभर माझ्याकडं क्षारानं चोंदलेले रेडिएटर आणि तापून वाकलेली हेड येत होती. बोअरच्या पाण्यात क्षार फार. तयार कुलंटच वापरा, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. काळा धूर तुमचा विषयच नाही, तो इंधन जास्त किंवा हवा कमी झाल्याचा.

काम होईपर्यंत गाडी चालवायची तर चालवा, वडिलांची फेरी चुकवू नका. पण दर ३०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बघा. खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका आणि वरच्या खुणेच्या वरही भरू नका, जास्त भरलेलं ऑइलही धूर करतं. तुमच्या इंजिनात एकूण तीन लिटरच्या आतच ऑइल बसतं, त्यातलं लिटरभर कमी झालं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर आहे तिथं गाडी बंद करा, बीड पाच किलोमीटर राहिलं असलं तरी. धूर दाबायला कुणी जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध घालायला सांगितलं तर महिनाभर धूर कमी दिसेल, सील मात्र होतं तसंच राहील. विकणारे हेच करतात, म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती रात्रभर थंड झालेलीच बघा. आणि असंच वर्षभर चालवत राहिलात तर प्लग तर जातीलच, जळलेल्या ऑइलनं कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, चोंदतो, आणि तो सीलच्या कामापेक्षा कितीतरी महाग आहे.

आता ठेवायची की द्यायची. २०२३ ला गाडीला १५ वर्षं झाली. नोंदणीचं नूतनीकरण केलं असेल तर ५ वर्षं मिळतात, म्हणजे २०२८ पर्यंत कागद साफ आहेत. सीलवर भागलं तर मी गाडी ठेवेन, त्या पैशात दुसरी विश्वासाची गाडी मिळणार नाही. हाफ इंजिन निघालं तर पत्रा आणि खालची चॅसी बघून ठरवा. गंज नसेल, सस्पेन्शन ठीक असेल, तर तरीही करून घ्यावं असं माझं मत. बोअरिंगसकट फुल इंजिन आणि वर गंज, दोन्ही असेल तर ४२ हजार घालू नका. तुमच्या जागी माझा भाऊ असता तरी हेच सांगितलं असतं.

तुमच्या मिस्त्रींशी भांडू नका. ‘आधी कॉम्प्रेशन घेऊ, आकडे मला वहीत लिहून द्या’ एवढंच म्हणा. चांगला माणूस असेल तर तोही खूश होईल. तिन्ही आकडे, चमचाभर ऑइल टाकल्यानंतरचे आकडे, पीसीव्ही वाजला का ते, आणि क्रमानं मांडलेल्या प्लगचा उजेडात काढलेला एक फोटो, एवढं मला पाठवा. मी बघून सांगतो.